वसुधाताई आणि बागलीकडचं ते गाव

वसुधाताई वारल्या. आज सकाळी, धारच्या घरी.

देवासच्या लॅबमध्ये त्या माझ्या सीनियर. मायक्रोबायॉलॉजीच्या डॉक्टर, पण आम्ही सगळे ताईच म्हणायचो. मराठी बोलणाऱ्या आम्ही दोघीच. चहाला बसलो की मराठी, मशीनपाशी गेलो की हिंदी.

आज त्यांची एकच गोष्ट सांगते.

त्या हिवाळ्यात टीव्हीवर सारखं कोरोनाचा नवा प्रकार, ओमिक्रॉन, ओमिक्रॉन चाललं होतं. आपल्याकडे अजून सापडला नव्हता, पण सगळ्यांचा जीव टांगणीला.

तेवढ्यात आमच्याच जिल्ह्यातल्या, बागलीकडच्या एका गावात लग्न झालं, आणि लग्नातली बरीच माणसं तापाने पडली. बहुतेकांचे लसीचे दोन्ही डोस झालेले.

गावाचं नाव लिहीत नाही. ताईंनी तसा शब्द दिला होता.

साध्या टेस्टमध्ये पॉझिटिव्ह की निगेटिव्ह एवढंच कळतं. व्हायरस जुना की नवा, हे बघायला सॅम्पल बाहेरच्या मोठ्या लॅबला सिक्वेन्सिंगला पाठवायचं. रिपोर्ट यायला आठवडे लागायचे.

सॅम्पल घ्यायला गावात आम्ही जीपमधून उतरलो की दारं बंद व्हायची. मागच्या लाटेत पेशंटच्या घरांवर पोस्टर चिकटवली होती, ते कोणी विसरलं नव्हतं.

शेवटी लग्नघरची रेशमबाई बाहेर आली. पदर तोंडावर धरून म्हणाली, "बेनजी, गाम को नाम तो नी आवेगो?"

"नहीं आएगा. मेरी ज़बान है," ताई म्हणाल्या.

तिने सॅम्पल दिलं. मग बाकीचेही आले.

रिपोर्ट यायच्या आतच व्हॉट्सॲपवर मेसेज फिरला. "नया वेरिएंट मिला." खाली गावाचं नाव.

कुठून फुटलं, मला आजही माहीत नाही.

देवासमध्ये लोकांनी त्या गावचं दूध बंद केलं. माझ्या सख्ख्या काकूने भरलं पातेलं मोरीत ओतलं. "उगाच कशाला रिस्क?"

त्या संध्याकाळी ताई लॅबमधून निघताना म्हणाल्या, "अर्चना, त्या बाईला मी काय तोंड दाखवू?"

"तुम्ही थोडंच फोडलंत?"

"शब्द मी दिला होता ना."

दुसऱ्या दिवशी ताई गावात गेल्या. मीही सोबत होते.

अंगणात दुधाचे कॅन तसेच भरलेले. रेशमबाई रागावली नाही. नुसतं म्हणाली, "कोई नी ले रियो दूध."

ताई बाजेवर बसल्या. "चाय पिलाओगी?"

ताईंना दमा होता. इनहेलर कायम पर्समध्ये. मी हळूच मराठीत म्हटलं, "ताई, मास्क काढू नका. नवा निघाला तर?"

"निघाला तरी चहातून येणार नाही. एवढं तुला माहीत आहे."

घरचे सगळे बरे झालेले, अंगण मोकळं, हे मलाही दिसत होतं. तरी मी त्यांच्या पर्समधला इनहेलर काढून हातात धरला.

ताई मास्क काढून सगळ्या गल्लीसमोर चहा प्यायल्या. येताना एक कॅन लॅबमध्ये घेऊन आल्या आणि सगळ्यांना चहा पाजला.

आणि त्याच आठवड्यात ताई पॉझिटिव्ह आल्या.

"देखा भिया, गाँव से ही लाई," लॅबमध्ये सुरू झालं. बातमी गावापर्यंत पोहोचली.

रेशमबाईचा मला फोन. "बेनजी म्हारा घर की चाय से बीमार पड़ी कई?"

मी ताईंना फोन लावला.

ताई धारला, वहिनींकडे घरीच, बोटाला ऑक्सिजनचं मीटर लावून. फोनवर दोन शब्द बोलल्या की थांबायच्या.

"माझंही सॅम्पल पाठव. सिक्वेन्सिंगला."

"त्याने काय होणार, ताई?"

"माझा आणि त्यांचा व्हायरस वेगळा निघाला, तर निदान त्यांच्याकडून आला नाही हे कळेल."

"आणि एकच निघाला तर?"



"तर तेही सांगायचं."

पुढचे आठवडे कसे काढले ते माझं मला माहीत. सकाळी उठलं की आधी धारला त्यांच्या वहिनींना फोन, ऑक्सिजन किती? मग रिपोर्टसाठी मेल उघडायचा. आकडा थोडा खाली आला की तासाभराने परत फोन.

गावचे रिपोर्ट आधी आले. डेल्टा. आपल्याकडे कित्येक महिने फिरत असलेला तोच जुना.

मग ताईंचा आला. ओमिक्रॉन.

म्हणजे नवा व्हायरस गावात सापडलाच नव्हता. तो शहरात आमच्यातच फिरत होता, आणि आम्ही बोट दाखवत होतो बागलीकडे. ताई मधे एका साखरपुड्याला इंदूरला जाऊन आल्या होत्या. तिथून आला असेल, लॅबमधून आला असेल. पण रेशमबाईच्या घरून नाही.

मी फोनवर वाचून दाखवलं. ताई म्हणाल्या, "आधी रेशमबाईला सांग. लॅबच्या साहेबांना नंतर."

मी सांगितलं. रेशमबाईने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "बेनजी ठीक है?"

दूध हळूहळू परत सुरू झालं. सगळ्यांकडे नाही. काकूने तर नाहीच घेतलं.

ताई त्या आजारातून उठल्या, पण पूर्वीसारखा जिना कधी चढल्या नाहीत. दम्यामुळे किती, वयामुळे किती, त्या आजारामुळे किती, मी सांगू शकत नाही. पुराव्याशिवाय बोललेलं त्यांना खपायचं नाही.

सध्या खोकल्याचे पेशंट परत वाढलेत.  कुठली सॅम्पल पाठवायची, कोणाला कसं सांगायचं, हे विचारायला कालपर्यंत एक नंबर होता.

मी धारला निघालेय.

ताई, खूप दमलात. आता शांत झोपा.
तुमच्या अर्चनाचा शेवटचा नमस्कार.