भानूबाईंच्या ट्रॅक्टरची लिफ्ट

किस्से कसे जमतात म्हणाल, तर लोखंडाच्या किसासारखे. रोज झाडून काढा, संध्याकाळी कोपऱ्यात ढीग तयार! आमच्या गॅरेजात तर मशीनं कमी दुरुस्त झाली आणि किस्सेच जास्त.

गॅरेज म्हणजे कॉटन ग्रीनला अर्धं गोडाऊन. संपानंतर आमची मिल काही उघडली नाही, तेव्हा तिघांनी मिळून भाड्यानं घेतलं. दत्ताराम फिटर, शंकर विणकर आणि मी टाइम ऑफिसातला कारकून. थोडक्यात, काम येणारा एक आणि सल्ला देणारे दोन!

*

पहिली अडचण मालकाची. इतकी वर्षं मालकाला शिव्या घालत काम केलेलं. आता शिव्या घालायच्या कुणाला? कामात लक्षच लागेना. शेवटी ठरलं, दर सोमवारी एकानं आठवड्यापुरता मालक व्हायचं. त्यासाठी एक मोडकी खुर्चीही आणली.

शंकरची पाळी आली. आम्ही दोघांनी मागणी ठेवली, दहाच्या चहाबरोबर बटाटावडा पाहिजे. शंकर खुर्चीत रेलला आणि म्हणाला, "मागणी अमान्य. कंपनी तोट्यात आहे."

आम्ही पाने खाली ठेवले आणि दारात बसून घोषणा सुरू केल्या. पाच मिनिटांत बघतो तर शंकर आमच्या शेजारी बसून सगळ्यांत मोठ्यानं ओरडतोय!

"अरे, मालक तू ना?"

"मीच रे! पण माणूस एकदम नालायक आहे!"

*

मग आला भानूबाईंचा ट्रॅक्टर. मुंबईत ट्रॅक्टर कुठला, असं विचाराल. भानूबाई कोळीण, बंदरावर त्यांच्या दोन होड्या. त्या वाळूवर ओढायला त्यांनी नाशिककडच्या एका शेतकऱ्याचा जुना ट्रॅक्टर आणला होता. मागचे नांगर उचलायचे जे दोन हात असतात, त्यांवर लाकडी फळी ठोकलेली. बर्फाच्या पेट्या त्या फळीवर ठेवायच्या, की लिफ्ट वर. ती लिफ्टच बसली होती.

दत्तारामनं सगळं उघडलं. पंपाची सीलं बदलली, पिस्टनच्या रिंगा बदलल्या, तेल बदललं. जोडून इंजिन चालू केलं. फळी जागची हलेना.

त्याच दिवशी सुलोचनावहिनींनी, म्हणजे दत्तारामच्या बायकोनं, मुदत घातली. "शुक्रवारपर्यंत तो ट्रॅक्टर उठलो तर आपण मुंबैत. नाय तर शनिवारची कणकवलीची गाडी. खोली सोडूची."

दत्ताराम मला म्हणाला, "भाऊसाहेब, गावाक जावन मी करू काय? ह्या हातांका पान्याशिवाय काय येना नाय." मोठा हसरा माणूस, पण हे बोलताना त्यानं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मला फार वाईट वाटलं.

*

दरम्यान शंकरनं वेगळाच उद्योग केला. साच्यांच्या, म्हणजे मागांच्या, खडखडाटात विणकर तोंडानं बोलतच नसत. नुसते ओठ हलवायचे, हातवारे करायचे, पलीकडच्याला बरोबर कळायचं. तीच सवय राहिलेली. ट्रॅक्टरचं इंजिन सुरू झालं, की शंकरचा आवाज बंद!

भानूबाई यायच्या तेव्हा इंजिन नेमकं चालू असायचं. त्यांना वाटलं, बिचारा मुका आहे. दुसऱ्या दिवसापासून त्याच्यासाठी तळलेले बोंबील यायला लागले.

मी म्हटलं, "अरे, सांग त्यांना."

शंकर हळूच म्हणाला, "सांगतो ना. सुरमई येऊन जाऊ दे!"

*

लिफ्ट उठेना म्हणजे पाइपात हवा अडकली असणार, असं दत्तारामचं निदान. मग पाइपाचा नट सैल करायचा, इंजिन चालवायचं, आधी हवा येते, मग फेस, मग स्वच्छ तेल. तसं तेल आलं की नट आवळायचा.

आम्ही नट सैल केला. हवा नाही, फेस नाही, तेल नाही. मी जुन्या सवयीनं मस्टरवर वेळ टाकून नोंद केली. दुपारी पुन्हा तेच. पंप तीनदा खोलला, तीनदा लावला. शुक्रवारी संध्याकाळी मस्टरवर अकरावी नोंद झाली.

दत्ताराम कपाळाला हात लावून म्हणाला, "ह्या पाइपात नसा, तर हवा गेली खय?"

मी म्हटलं, "मुदत बघून व्ही.आर.एस. घेतली असेल!"

एरवी तो हसला असता. त्या दिवशी हात पुसून घरी गेला.

*

शनिवारी सकाळी भानूबाई ट्रॅक्टर न्यायला आल्या. दत्ताराम म्हणाला, एकदा शेवटचं बघतो. सीटखाली डाव्या हाताला एक दांडा होता, तो त्यानं मागे ओढला आणि पाना उचलला.

भानूबाई म्हणाल्या, "रोज बगतेय, तो दांडा तुमी सारका मागं का करता?"

"सेफ्टी, बाई! साच्याला हात लावायच्या आधी पट्टा उतरवायचा. मिलमध्ये बोटं गेलीत लोकांची."

"आन् चालू करताना पुढं नाय करत? त्या दांड्याबिगर पंप फिरंल कसा?"

अकराही वेळा आम्ही दांडा मागे ठेवूनच इंजिन चालवलं होतं! मग दत्ताराम अगदी मनापासून म्हणाला, "बाई, पट्टा चढवायचं काम फिटरचं नाय. ते मिलमधल्या ऑइलवाल्याचं!"

भानूबाईंनी स्वतःच दांडा पुढे केला. पाइप खाकरला, फेस आला आणि मग सगळं तेल माझ्या पांढऱ्या शर्टावर! दत्तारामनं नट आवळला, लिव्हर वर केला, आणि फळी वर निघाली.

"उचलला! उचलला!" शंकर बोंबलला.

भानूबाईंनी हात जोडले. "एकवीरा माउली! मुका बोलला!"

*

दुपारी वहिनी हातगाडी घेऊन दारात. वर दोन ट्रंका, पाटा-वरवंटा. वाटेत नवऱ्याला घ्यायचं आणि तशीच गाडी पकडायची, असा बेत.

दत्ताराम धावत गेला. "गो, लिफ्ट उठली!"

"मुदत काल सरली," वहिनी म्हणाल्या. "आणि रिकामी फळी काय, मीय उचलतंय."

दत्तारामनं ट्रंका आणि पाटा-वरवंटा फळीवर चढवला. लिव्हर ओढला. सगळा संसार छातीएवढा वर गेला आणि थांबला. थेंबभर तेल गळलं नाही.

वहिनींनी फळीखाली वाकून बघितलं. मग म्हणाल्या, "बरा. आता उतरवा, गाडी चुकात."

दत्ताराम लिव्हरवर हात ठेवून उभा. तसाच म्हणाला, "खाली येना नाय गो!"

मी शंकरकडे बघितलं. इंजिन चालू होतं, पण त्याचे ओठ मिटलेले.

भानूबाई पुढे झाल्या. त्यांनी लिव्हर बघितला, लिव्हरवरचा हात बघितला आणि दत्तारामचं तोंडही बघितलं. "जुना ट्रॅक्टर हाय बाय. आठ दिस तरी लागतील. माज्या पेट्या मी डोक्यावर नेईन."

वहिनींनी ट्रंकांकडे बघितलं. मग पदर खोचून नवऱ्याला म्हणाल्या,

"पाटो तेवढो काढून देवा. सांजेक वाटाप खयच्यार करू?"