पाचवी पाकळी

सुखदेव मेश्राम गेल्याची बातमी मला एका ठेकेदारानं दिली, तीही बोलता बोलता, फरशीच्या भावावरून आमची घासाघीस चालली असताना. तो अडला होता, मीही अडलो होतो. मी आवाज चढवला तसा तो हसून म्हणाला, "शेठ, दात लई मजबूत हायेत तुमचे. थ्या मेश्रामनंच बनवले होते ना? गेला बिचारा. पंधरा दिवस झाले असतीन." तो मागत होता त्या भावात माल दिला. इतक्या वर्षांच्या धंद्यात असं कधी घडलं नव्हतं. ट्रक निघून गेल्यावर मी गल्ल्यामागे बसून राहिलो, आणि खरं सांगायचं तर आधी दुःख झालं नाही, राग आला. पंधरा दिवस! त्याची वस्ती इंदोरा माझ्या दुकानापासून सायकलनं वीस मिनिटांवर. तिथून एकालाही वाटलं नाही की याला निरोप द्यावा? आमच्यात चार वर्षं बोलणं नव्हतं, हे कबूल. पण ते कुणामुळे बंद झालं याबद्दल मला कधीच शंका नव्हती. त्याच्यामुळे. मी भांडायला तयार होतो, तो भांडला नाही.

आमची ओळख झाली ती माझ्या दातांमुळेच. एकोणसत्तर-सत्तरचा सुमार असेल. कन्हानजवळच्या खेड्यातून येऊन मी आधी फरश्यांची हमाली केली, मग स्वतःचं दुकान टाकलं, पण माल उतरवायला अजून स्वतःच हात लावत होतो. एकदा दोर सुटला आणि फरशीची कड तोंडावर बसली. समोरचे दोन दात गेले. बिनदातांचा माणूस भाव सांगायला लागला की गिऱ्हाईक गालातल्या गालात हसतं. म्हणून रामदासपेठेतल्या एका दातांच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी खर्च सांगताच मी सवयीनं कमी करायला लागलो. तेव्हा मागच्या पडद्याआडून एक किडकिडीत माणूस बाहेर आला, कोपरापर्यंत हात प्लास्टरनं पांढरे. म्हणाला, "शेठ, सस्ते बी बनवून देईन. पन मंग भाव करताना तोंड उघडू नका, बाहीर पडतीन." मला संताप आला, आणि मग तोंडावर हात धरून हसू आलं. तो त्या दवाखान्यातला कारागीर. साचे घेणं, कवळ्या घडवणं, सगळं त्याच्याकडे. त्यानं बनवलेले ते दोन दात आजही माझ्या तोंडात आहेत.

पुढे काही महिन्यांनी तो घराच्या उंबऱ्यासाठी दगड घ्यायला माझ्या दुकानी आला. स्वस्तात पडला म्हणून नर्मदेकडच्या एका खाणीतला पिवळट-तांबूस दगड मी तेव्हा उचलला होता आणि पस्तावलो होतो, कारण फरशीत जागोजागी डाग होते. चांगला माल सोडून हा नेमका त्या डागी चळतीपुढे उकिडवा बसला. बोटाला थुंकी लावून डाग पुसत राहिला. त्याचा जीव त्या फरशीत अडकलाय हे माझ्या लक्षात आलं. मग मी काय केलं? टाकाऊ म्हणून अर्ध्या भावात काढत होतो तो दगड मी त्याला पूर्ण भावात दिला. त्यानं एका शब्दानंही कमी करा म्हटलं नाही. आठवड्यानं परत आला आणि माझ्या तळहातावर एक शिंपला ठेवला. रुपयाएवढा, पंख्यासारख्या रेघा असलेला, दगडाचाच पण कुठंही न दुखावलेला. "तुमच्या फरशीतला हाये," तो म्हणाला. "समुद्रातला."

"नागपुरात कुठला समुद्र? आमच्याकडे फुटाळ्याचं तळं आहे," मी म्हणालो.

"दगड कुठचा? नर्मदेकडचा ना? थ्या वाटेनंच आलता समुद्र आत."

"कधी?"

"तुमचे दात पडाच्या लई पहिले."

लहानपणी त्यानं एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत दगड धुवायची चाकरी केली होती. तिथं ऐकून ऐकून हे सगळं त्याच्या डोक्यात बसलं होतं. मी उरलेल्या चळतीकडे पाहिलं. ज्यांना डाग म्हणून मी शिव्या घातल्या ते सगळे शिंपले होते. त्यातल्या दोन फरश्या मी त्याच्या घरी पोचवल्या, फुकट. तो म्हणाला, "फुकट काहून? तब्येत बरी हाये ना शेठ?"

त्यानंतर दर दिवाळीनंतर आम्ही दोघं रिकाम्या परतणाऱ्या ट्रकनं त्या खाणीकडे जायचो. पावसाळ्यात माती वाहून गेलेली असायची आणि शेतांच्या बांधांवर, ओढ्याच्या कडेला शिंपलेच शिंपले उघडे पडलेले असायचे. जिच्याकडे तिथं कुणी वाकूनही पाहत नाही, अशी साधी वस्तू. पण सकाळच्या तिरप्या उन्हात त्यांच्या रेघा उठून दिसायच्या आणि सुखदेव लहान मुलासारखा या बांधावरून त्या बांधावर धावायचा. मी पोतं भरायचो, तो रुमालात मावतील एवढेच उचलायचा. "अरे, घे ना, कुणी भाव मागत नाही," मी ओरडायचो. "घरी नेऊन साफ कोन करंल? तू?" तो विचारायचा. तोवर तो अहो-जाहोवरून अरे-तुरेवर आला होता, फक्त 'शेठ' सुटलं नव्हतं. माझं पोतं वर्षभर दुकानामागे पडून राहायचं. त्याचा रुमाल पुढच्या दिवाळीपर्यंत पुरायचा.

कारण तो साफ कसं करायचा ते पाहायला हवं. रविवारी सकाळी इंदोऱ्यातल्या त्याच्या घरी खिडकीपाशी टेबल, त्याला एक स्टूल आणि मला एक. प्लास्टर कालवायच्या रबरी वाटीत पाणी, जुना दातांचा ब्रश, दवाखान्यातून टाकून दिलेल्या दात कोरायच्या आकड्या आणि सुया. दगड आधी पाण्यात. मग ब्रश. मग पुन्हा पाणी. मग कुठं सुई, तीही शिंपल्यापासून बाहेरच्या बाजूला ओढायची, शिंपल्याकडे कधीच नाही. "दगडाले काढाचं नाई गा, त्याले जाऊ द्याचं," तो म्हणायचा. तासाभरात तांदळाच्या दाण्याएवढी जागा मोकळी व्हायची, आणि ओल्या रेघेवर ऊन पडलं की तो श्वास रोखून पाहायचा... मीसुद्धा. एकच गोष्ट मला कधी पटली नाही. सगळं साफ झालं तरी मागच्या बाजूला अंगठ्याएवढा दगड तो तसाच ठेवायचा. विचारलं तर म्हणायचा, "पूरा सोडवला तं तो कुठचा हाये हे कोन सांगंल?" त्याची बायको शेवंताबाई चहा आणायची. मी इंदोऱ्यात चहा पितो हे माझ्या घरच्यांना रुचत नसे, म्हणून मी मुद्दाम दोन कप प्यायचो. भल्याभल्यांना घाम फोडणारा मी, तिथं तीन-तीन तास गप्प बसायचो. दुसरीकडे कुठंही मला ते जमलेलं नाही.

शेवटच्या खेपेला मला एक दगडी गोळा मिळाला. खाणीवरच्या पोरी दगडाच्या गोट्या उडवून खेळत होत्या. त्यातली एक गोटी मला वेगळी वाटली. रेवडीच्या डब्यावर सौदा करून मी ती सोडवली. सुखदेवनं ती हातात घेतली आणि बोटाला थुंकी लावून तिथंच पुसायला लागला. समुद्रात काटेरी अंगाचा एक प्राणी असतो म्हणे, त्याचं हे कवच. लहानशा लाडवाएवढं, वर फुलासारख्या पाच पाकळ्या, प्रत्येक पाकळीत सुईच्या टोकानं टोचल्यासारखी ठिपक्यांची दुहेरी रांग. एक पाकळी अर्धवट दिसत होती, बाकी सगळं चिकट मातीच्या कडक थराखाली. वर्षभर तो त्यावर खपला. पुढच्या दसऱ्यापर्यंत चार पाकळ्या उघड्या झाल्या. पाचवीवर अजून जाड थर होता. त्यात मी त्याला दर रविवारी विचारून भंडावलं. मला ते पूर्ण झालेलं बघायची घाई होती.

दसऱ्याच्या दिवशी तो घरच्यांना घेऊन दीक्षाभूमीवर गेला. दरवर्षी जायचा. त्या दिवशी किल्ली शेजाऱ्यांकडे ठेवायचा, आणि शेजारी मला ओळखायचे. मला वाटलं, तो परत येईल तेव्हा पाचवी पाकळी उघडी करून समोर ठेवावी. आमच्या धंद्यात फरशीवर सिमेंटचे डाग पडले की पातळ तेजाब फिरवतात आणि लगेच धुतात. डाग जातो. मी दुकानातून बाटली घेऊन गेलो, थोडं पाण्यात घातलं आणि ब्रशनं पाचवीवरच्या थराला लावलं. थर जसाच्या तसा. मग जास्त लावलं. ते घरंगळून उघड्या पाकळ्यांवर गेलं आणि सोड्याच्या बाटलीसारखं फसफसलं. मी धावत पाणी आणून ओतेपर्यंत त्या चार पाकळ्या गेल्या होत्या. ठिपके नाहीत, रांगा नाहीत. नदीतला गुळगुळीत गोटा.

तो आला, टेबलापाशी उभा राहिला, बाटली पाहिली, गोळा पाहिला. मग म्हणाला, "चहा घेतला का?"

मी ओरडलो. बोल ना, शिव्या दे, वर्ष वाया घालवलं म्हण! माझा स्वभाव असा की राग हा माझ्यालेखी भाव असतो. समोरच्यानं तो सांगितला की मला बोलता येतं, खाली यायला सांगता येतं, कुठंतरी मध्ये तुटतं. त्यानं भावच सांगितला नाही. खुर्चीवर बसून बूट काढत एवढंच म्हणाला, "जाऊ दे गा. तुझाच दगड होता."

तुझाच! दहा-बारा वर्षं एका टेबलावर बसून माझं नि तुझं? मी तिथून निघालो तो परत गेलो नाही. त्यानं बोलावलं नाही. एकदा सीताबर्डीवर तो समोरून आला. मी दुकानाच्या पाटीकडे पाहत उभा राहिलो. त्याची पावलं जरा मंदावली होती, हे मला पाटी वाचता वाचता कळलं... मी वळलो नाही.

बातमी कळल्यावर दुसऱ्या दिवशी गेलो. शेवंताबाई दारातच होती. मी मनात धरून ठेवलेलं बोलून टाकलं, "मला कळवलं काहून नाही?"

"आन् तुमी चार वर्सं जिते हा का मेले, हे कळवलं होतं का भाऊजी?" ती म्हणाली. "दवाखान्यात होते तवा म्या म्हटलं, बोलावू का शेठले. तं म्हने, नोको. त्याले बलावलं तं तो चिडते. आपल्या मनानं येते तो."

खोलीत टेबल तसंच होतं. खिडकीही, दोन्ही स्टुलंही. तिनं कपाटातून दातांच्या साच्याचा एक डबा काढला. आत कापसात तो गोटा होता. चार बाजूंनी गुळगुळीत, आणि एका बाजूला तो कडक थर, तेजाबानं न खाल्लेला, चार वर्षांत सुईचा एकही ओरखडा न पडलेला. "दर दिवाईले काढून पाहेत," ती म्हणाली. "म्या म्हटलं, आता हे काहून ठेवलं? तं म्हने, याच्याखाली पाचवी हाये. साबूत हाये. शेठ येईन तवा काढू."

मी डबा हातात घेतला. मग जे मला येतं तेच केलं. म्हणालो, "वहिनी, हा मला द्या. घराला नवी फरशी टाकून देतो. पूर्ण घराला."

"नाई."

"वर ओटाही बांधून देतो."

"भाव नका करू भाऊजी," ती म्हणाली आणि डबा माझ्या हातून घेऊन टेबलावर ठेवला. "घासाचा असंल तं इथं येऊन घासा. त्याइचं टेबल रिकामं चांगलं नाई दिसत."

आयुष्यात इतका साफ मी कुणाकडून हरलो नव्हतो.

तीन रविवार झाले. मी माझ्या जुन्या स्टुलावर बसतो. रबरी वाटीत पाणी, ब्रश, पुन्हा पाणी, मग सुई, बाहेरच्या बाजूला. शेजारचं स्टूल हलवलेलं नाही. हात चुकला की जीभ आपोआप समोरच्या दोन दातांवर जाते, आणि मी थांबतो. त्याच्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही. भाव सांगायला हवा होता त्यानं, मी कितीही दिला असता. शेवंताबाई दोन कप चहा आणून ठेवते, दोन्ही मलाच. गेल्या रविवारी ऊन टेबलावर आलं तेव्हा थराच्या कडेला पहिले तीन ठिपके दिसले, टोचल्यासारखे, ओले... मी श्वास रोखून पाहिलं. आणखी थोडं ओढलं असतं तर चौथाही दिसला असता. सुई खाली ठेवली आणि गोटा पुन्हा पाण्यात सोडला.