मुलं तीन

परवा रक्त तपासायला गेले. नर्सनं हातावर स्पिरिटचा बोळा फिरवला आणि त्या वासासरशी आणीबाणीतली एक दुपार समोर उभी राहिली.

सोलापूरजवळ, होटगीकडच्या एका खेड्यात मी नवी शिक्षिका होते. बी.ए.ला नीतिशास्त्रात पहिली आलेली. हेडमास्तरांनी बजावलं होतं, "नसबंदीची एक केस आणा, नाहीतर नोकरी विसरा." घरात कमावती मी एकटी. शेवटी शाळा झाडणाऱ्या शिवप्पाला घेऊन मी शिबिराला गेले.

पत्र्याच्या शेडमध्ये स्पिरिटचा वास कोंडला होता. घामानं माझं पोलकं पाठीला चिकटलं होतं. कारकुनानं अर्ज पुढं सरकवला. "मुलं तीन लिहा बाई. त्याशिवाय घेत नाहीत."

शिवप्पाला एकच मुलगी होती. त्यानं हळूच विचारलं, "बाई, पुडं पोरगा व्हायला ह्याची आडकाठी न्हाय न्हवं?"

दारात हेडमास्तर उभे होते.

"नाही," मी म्हणाले आणि 'तीन' लिहिलं.

"तुमी सांगताय म्हंजे बरंच असंल की," म्हणत त्यानं हसून अंगठा उठवला.

माझी नोकरी टिकली. शिवप्पाला पुन्हा मूल झालं नाही. कारण त्याला नक्कीच कळलं असणार, पण त्यानं मला कधी जाब विचारला नाही. भेटला की हात जोडायचा.

तेव्हा माझा नाइलाज होता, असं मी कित्येक वर्षं स्वतःला समजावलं. आता ते पटत नाही. त्या शेडमध्ये आम्ही दोघंही अडकलो होतो, पण ते ठाऊक फक्त मला होतं.