सुटलेली मांड

दौलताबादच्या रस्त्यानं शहराचा गलका मागं पडला, की कडुलिंबाच्या झाडांआड एक रिंगण दिसतं. लाल माती, भोवती पांढरे कठडे आणि पलीकडं पत्र्याची पागा. मेघा साळवे तिथं मुलांना घोडेस्वारी शिकवते. उंच, सडपातळ, बोलायला कमी. पण रिंगणाच्या मधोमध उभी राहून तिनं हाक दिली, तर घोडासुद्धा कान टवकारतो.

या शहरात घोडा म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं वरात यायची. झालरीचं खोगीर, घामाघूम नवरदेव आणि पुढं नाचणारे मित्र. आता चिकलठाण्याच्या कंपन्यांतल्या साहेबांची, डॉक्टरांची, वकिलांची मुलं शाळा सुटल्यावर हेल्मेट घालून येतात. आया कठड्याशी मोबाइल धरून उभ्या असतात. पोरगी घोड्यावर नीट बसायच्या आधी तिचा व्हिडिओ नातेवाइकांना पोचलेला असतो. पण खेळ म्हणून पुढं जायचं, तर घोडा ट्रकमध्ये घालून पार पुण्याला न्यावा लागतो. घोड्याच्या पोटात दुखलं, तर त्यातला जाणकार डॉक्टर जवळपास सापडत नाही. हौस लवकर आली आणि बाकीचं सगळं मागून रखडत येतंय, असं मेघा म्हणते.

तिची स्वतःची गोष्ट मात्र ती कुणाला सांगत नव्हती. शिकवणारी ही बाई दोन वर्षांत एकदाही घोड्यावर बसली नव्हती.

पुण्याच्या स्पर्धेत ते घडलं होतं. मैना नावाची तपकिरी घोडी, मेघाच्या हातची. अडथळ्यावरून उडी घेताना मैनेचे मागचे पाय वरच्या दांडीत अडकले आणि दोघी एकदम खाली आल्या. मेघाला हाड मोडल्याचा आवाज आला. आपलं मोडलं की मैनेचं, ते तिला कळलं नाही. मोडलं होतं दोघींचं. मेघाचा खुबा डॉक्टरांनी जोडला. घोडीचा पाय तसा जोडता येत नाही. स्ट्रेचरवरून नेताना मेघाला मैदानात ताडपत्रीचा पडदा धरून उभी असलेली चार माणसं दिसली. त्या पडद्याआड काय चाललंय, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

हाड जुळलं, पण मांड सुटली ती सुटलीच. बरी होऊन आल्यावर तिनं एकदा रिकिबीत पाय ठेवून पाहिला होता. कानात तोच कडकन आवाज आला. तिनं पाय काढून घेतला. त्यानंतर कधी कंबर दुखायची, कधी मुलांचा तास असायचा, कधी घोड्याला विश्रांती हवी असायची. कारणांना काय तोटा?

घरी तर हे सांगायची सोयच नव्हती. आई लवकर गेल्यामुळं मेघाला आत्यानं, चंपाबाईनं वाढवलेलं. चंपाबाईचं माहेर सिल्लोडकडच्या एका खेड्यातलं. तिचा बाप, म्हणजे मेघाचा आजा, लग्नात घोड्यावर बसून निघाला, तेव्हा गावातल्या लोकांनी त्याला चावडीपुढं खाली ओढलं होतं. पुढं घराण्यानं धम्म घेतला, गाव सोडलं, शहरात कामं धरली. पण ती चावडी चंपाबाईच्या मनातून हलली नाही. म्हणून मेघानं पहिलं पदक आणलं, तेव्हा आत्यानं तिचा घोड्यावरचा फोटो मोठा करून बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी लावला. येणाऱ्या-जाणाऱ्याला पाण्याआधी तो फोटो दाखवायची.

अपघातानंतरही ती म्हणाली होती, "पडली तं काय झालं? जो बसल तोच पडल. आमच्या बापाला तं वर राहूच दिलं नाय."



मार्चमध्ये चंपाबाईचा मुलगा सम्यक घरी आला. जयंतीच्या मिरवणुकीत त्याच्या मंडळाचा पुढाकार असायचा. जेवायला बसता बसता तो म्हणाला, "ताई, यंदा सगळ्यात पुढं तू. पांढरा घोडा, हातात निळा झेंडा. क्रांती चौकातून आपण निघालो की लोक बघतच राहतील."

चंपाबाईच्या हातातली भाकरी तशीच राहिली. डोळे भरून आले. "माझ्या बापाला उतरवलं व्हतं," ती म्हणाली. "त्याची नात भर चौकातून जाईल."

"जाईन," मेघा म्हणाली. आत्याचे डोळे पाहून तिला नाही म्हणवेना.

त्या दिवसापासून भीती तिच्या मागंच लागली. स्कूटीवरून क्रांती चौकातून जाताना तिला डांबरावर निसटणारे नाल दिसायचे. डीजेच्या भिंती, पायाखाली फुटणाऱ्या फटाक्यांच्या लडी, तोंडासमोर येणारे मोबाइल आणि बापाच्या खांद्यावरची लहान पोरं दिसायची. घोडा बुजला आणि गर्दीत घुसला तर? आपलं काय व्हायचं ते होईल, पण एखादं लेकरू टापांखाली आलं तर? ही नुसती भीती आहे की अक्कल, हेच तिला कळेना. दोन्हींचा आवाज सारखाच येत होता.

पागेत दौलत नावाचा पांढरा घोडा होता. वयानं पोक्त, स्वभावानं गरीब. एके सकाळी मुलं यायच्या आधी मेघानं त्याच्यावर खोगीर चढवलं, पोटाखालचा तंग आवळला आणि डोळे मिटून वर बसली. बसल्यावर कितीतरी वेळ तिनं त्याला हलूच दिलं नाही. जमीन फार खाली गेल्यासारखी वाटत होती. दौलतनं माशी उडवायला मान हलवली, तर तिच्या तोंडातून किंकाळी निघाली. शेवटी ती त्याला चालीनं कठड्याच्या कडेकडेनं फिरवू लागली. उतरली तेव्हा पाठीवरचा सदरा ओलाचिंब होता. दुसऱ्या दिवशी ती परत बसली. तिसऱ्या दिवशीही. भीती कमी झाली नाही. तिला घेऊन बसायची थोडी सवय झाली, एवढंच.

घोड्याला आवाजाची सवय व्हावी म्हणून सम्यक स्पीकर घेऊन येणार होता. "मुलांचा तास संपल्यावर ये आणि अगदी हळू लाव," असं मेघानं बजावलं होतं. पण मंडळाची पोरं उत्साही. ती संध्याकाळी लवकरच पिकअप घेऊन आली. एव्हाना तासालाही बसू लागलेली मेघा दौलतवर होती आणि रिंगणात श्रेया ही बारा-तेरा वर्षांची मुलगी चिकू नावाच्या तट्टावर दुडक्या चालीचा सराव करत होती. सम्यकच्या मित्रानं बटण दाबलं आणि ढोलाचा असा दणका उठला की कडुलिंबावरचे पक्षी उडाले.

चिकू उधळला. श्रेयाचा एक पाय रिकिबीतून निसटला. ती खोगिराच्या एका बाजूला कलली आणि ओरडू लागली. तिची आई तनुजा कठड्याशी मोबाइल धरून थिजली होती.

"ताई, मागं जा! धर त्याला!" सम्यक ओरडला.

दौलतही आडवा सरकला, फुरफुरला, पळायला बघू लागला. मेघानं लगाम आवळला आणि ती जागच्या जागी बसून राहिली. मागं धावलं तर पुढचा घोडा आणखी पळतो, हे तिला माहीत होतं. पण त्या क्षणी ते माहीत असण्या-नसण्यानं फरक पडत नव्हता. तिचे गुडघे लाकडासारखे झाले होते. कानात तोच आवाज होता. तिला जायचं असतं, तरी जाता आलं नसतं. गळा तेवढा मोकळा होता.

"श्रेया! माझ्याकडं बघ! खाली बघू नको. उजवा हात मांडीकडं ओढ. ओढ अजून. गोल फिरू दे त्याला, गोल!"

पोरीनं ऐकलं. चिकूची मान वळली. मोठा फेरा घेतला, मग त्याहून लहान, मग आणखी लहान, आणि कठड्याशी येऊन तो गचकन थांबला. श्रेया घसरून मातीत पडली. कोपर सोलवटलं होतं. ती मोठमोठ्यानं रडत होती. तो आवाज ऐकून मेघाला हायसं वाटलं.

ती खाली उतरली. श्रेयाचे हातपाय चाचपून पाहिले, तिला आईच्या ताब्यात दिलं आणि झाडामागं जाऊन ती भडाभडा ओकली.

तनुजाच्या मोबाइलमध्ये सगळं टिपलं गेलं होतं. तिनं आभार म्हणून तो व्हिडिओ टाकला. स्वतः घोड्यावर शांत बसून नुसत्या आवाजानं मुलीला वाचवणारी मॅडम. बघता बघता तो शहरभर फिरला. आठवडा उलटायच्या आत क्रांती चौकात बॅनर लागला. घोड्यावर बसलेली मेघा, हातात झेंडा आणि खाली 'आमची वाघीण'. त्या बॅनरखालून जाताना तिनं स्कार्फ डोळ्यांपर्यंत ओढून घेतला. गोठून बसलेल्या बाईला लोकांनी शांत म्हटलं होतं. आता चौकात तसंच झालं तर? तिथं माती नव्हती, कठडा नव्हता.

त्या संध्याकाळी चंपाबाई तूर निवडत बसली होती. मेघा तिच्यापुढं जाऊन बसली.

"आत्या, मी नाही बसणार घोड्यावर."

"का गं? ताप आला का?"

"मला भीती वाटते. लई भीती वाटते. पडल्यापासून वाटते. मी बसतच नव्हते."

चंपाबाईचा हात थांबला. "दोन वरीस?"

"हो."

"आन् मी लोकाला सांगत बसले." ती उठली, सूप भिंतीशी ठेवलं आणि आत गेली. मग चार-पाच दिवस तिनं मेघाशी कामापुरतंसुद्धा धड बोलणं ठेवलं नाही. जेवण वाढायची आणि फोटोकडं पाठ करून बसायची. त्या अबोल्याची मेघाला घोड्याहून जास्त धास्ती वाटली.

मग एका सकाळी रिंगणाशी रिक्षा थांबली आणि चंपाबाई उतरली. तोवर ती तिथं कधीच आली नव्हती. ती थेट पागेत शिरली आणि दौलतसमोर उभी राहिली. भीतभीत त्याच्या मानेला हात लावला. दौलतनं नाकपुड्या फेंदारून जोरात श्वास सोडला. तशी चंपाबाई लुगडं सावरत उडी मारून मेघाच्या मागं लपली.

"आगं बया! एवढं मोठं असतंय व्हय हे?"

"हो आत्या."

"आन् ह्याच्यावर बसून तू उड्या मारायचीस?"

"हो."

म्हातारीनं वाकून घोड्याच्या टापा न्याहाळल्या. सत्तरी गाठेपर्यंत तिनं घोडा मनात बाळगला होता, पण जवळून कधी पाहिला नव्हता. मग तिनं मेघाचा दंड घट्ट धरला. "ह्याला गर्दीत न्यायचं नाय. कुणाचं लेकरू चिरडलं तं बाबासाहेबाला काय तोंड दाखवायचं? सम्यकला मी सांगते."

सम्यक चिडला. बॅनर लागला, लोक विचारणार, मंडळाची शोभा होणार. चंपाबाईनं त्याला एकच विचारलं, "तू बसतोस का?" तो उठून निघून गेला आणि कितीतरी दिवस ताईशी धड बोलला नाही.

जयंतीला मेघा पांढरी साडी नेसून बायकांच्या रांगेत चालली. वर तिचाच बॅनर होता. कुणीतरी विचारलंच, "मॅडम, घोडा कुठंय?" तिला शरमल्यासारखं झालं. तेवढ्यात पायाशी लड फुटली. ती दचकून मागं सरली आणि तिच्या अंगावर काटा आला. आत्ता मांडीखाली दौलत असता तर! पुढं बापाच्या खांद्यावर बसून एक पोरगं टाळ्या वाजवत होतं. चौक मागं पडेपर्यंत मेघाची नजर त्याच्यावरून हलली नाही.

श्रेया रिंगणात परतली ती उन्हाळ्याच्या सुट्टीत. आईनं आणली होती, पण पोरगी चिकूच्या जवळ जाईना. तनुजा म्हणाली, "मॅडम, हिला सांगा ना, घाबरायचं नसतं."

मेघानं श्रेयाला बाजूला घेतलं. "मला पण भीती वाटते," ती म्हणाली. "त्या दिवशी तर मला हलताच येत नव्हतं."

"खरंच?" श्रेयानं तिच्याकडं संशयानं बघितलं. "मग तुम्ही का बसता?"

"मला मैना आवडायची," मेघा म्हणाली. मग तिनं श्रेयाला मैनेची सगळी हकिकत सांगितली. ताडपत्रीचा पडदासुद्धा. श्रेया रडली. त्या दिवशी दोघींनी चिकूला नुसता खरारा केला.

पाऊस सुरू व्हायच्या सुमाराला मेघानं अडथळ्याची एक दांडी आणून मातीत आडवी टाकली. उडी मारायला नव्हे, घोड्याला नुसती ओलांडायला. ती दौलतवर बसली आणि श्रेया कठड्यावर. दांडी जवळ येत गेली तशी मेघानं खाली बघायचं टाळलं आणि श्रेयाकडं नजर लावली. दौलतनं मान खाली घालून दांडी हुंगली आणि एक एक पाय उचलून पलीकडं टाकला. मेघानं त्याच्या मानेवर थाप मारली, लगाम वळवला आणि त्याला पुन्हा दांडीकडं आणलं.