बुकिंगशिवाय वाघबाई हलत नसत

आमच्याकडे किस्से कसे साठायचे, माहितीये? एखादी सांगायला लागायची, तेवढ्यात बोर्डावर दिवा लागायचा. ती "हॅलो, नंबर प्लीज" म्हणत वळायची आणि किस्सा अर्धाच लटकायचा. तो पुरा व्हायला कधी कधी आठवडा जायचा, आणि तोवर दोन नवे तयार!

नाशिकच्या ट्रंक बोर्डावर मी वीस वर्षं काढली. मी मालती पगारे. माझ्या उजवीकडे सुपरवायझर वाघबाई, डावीकडे देवळ्याच्या भामरेबाई. दोघींची भांडणं माझ्या अंगावरून जायची.

तेव्हा बाहेरगावी फोन करायचा तर आधी आमच्याकडे कॉल बुक करावा लागे. आम्ही चिठ्ठीवर नंबर लिहून विचारायचं, "ऑर्डिनरी की अर्जंट?" मग बसा वाट बघत. लाइन लागली की बोला, आणि तीन मिनिटं झाली की आम्ही मध्ये तोंड घालायचं, "थ्री मिनिट्स ओव्हर, एक्स्टेंड करू?"

दिवसभर लोकांचं बुकिंग करून वाघबाईंच्या ते अंगातच मुरलं होतं. दरवर्षी आम्ही तिघी रजा काढून कुठलंतरी शहर बघायला जायचो, आणि जाण्याआधी दोन महिने बाईंची पत्रं सुटायची. लॉजला पत्र, म्युझियमला पत्र, बागेलासुद्धा पत्र! सोबत उत्तरासाठी जोडकार्ड.

भामरेबाईंचं मत उलटं. "गाव बघाले कसली चिठ्ठी? गेल्यावर कोणी हाकलून देतं का?"

लोक मला अजून विचारतात, मालतीबाई, फिरायला जाताना तिकिटं आधी काढावीत का? मी ठासून सांगते, काढावीत. पण पुढचं ऐकून घ्या.

*

हैदराबादला गेलो तेव्हा बाईंच्या पिशवीत अख्खी फाइल होती. लॉजचं कार्ड, रिक्षावाल्याचा पत्ता, आणि तिथल्या मोठ्या म्युझियमचं छापील उत्तर, "आपले स्वागत आहे." भामरेबाईंना त्या ते कार्ड मनमाडपासून दाखवत होत्या.

"बघा. याला म्हणतात शिस्त!"

म्युझियमच्या फाटकाला हे मोठं कुलूप. बाईंनी पहारेकऱ्याच्या तोंडासमोर कार्ड धरलं. म्हातारा भला माणूस होता. त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला, कार्ड दोन्ही बाजूंनी वाचलं आणि म्हणाला,

"बुकिंग एकदम पक्का है, बाई. पर आज जुम्मा है."

दर शुक्रवारी सुट्टी! बाईंनी सगळं विचारलं होतं, तेवढं सोडून. परतीच्या प्रवासात भामरेबाई दर स्टेशनाला वार विचारत होत्या.

*

पुढच्या वर्षी भामरेबाई म्हणाल्या, यंदा माझं ऐका. मुंबईला जायचं, तारांगण नवीनच सुरू झालंय, ते बघायचं. बुकिंग बिलकूल नाही! सोबत त्यांच्या सासूबाईही निघाल्या. म्हातारी पहिल्यांदाच जिल्ह्याबाहेर पडत होती आणि तिला अहिराणीशिवाय काही कळत नव्हतं.

तिथे पोचलो तर मराठी खेळ हाउसफुल्ल. तिकिटं उरली होती ती इंग्रजी खेळाची. वाघबाईंनी नुसतं माझ्याकडे बघितलं.

भामरेबाई कशाला डगमगतायत! दिवे गेले, डोक्यावर आकाश उगवलं, आणि त्यांनी सासूच्या कानाशी भाषांतर सुरू केलं. इंग्रजी त्यांना आमच्या बोर्डापुरतंच येत होतं, पण आवाजात काय विश्वास!

"आत्या, हाऊ शनि शे. हात जोड."

म्हातारीने हात जोडले. पुढच्या रांगेतल्या दोघींनीही जोडले. मग म्हातारीने मान वर करून सगळं आकाश धुंडाळलं आणि मोठ्याने विचारलं, "पण राहू-केतू कथा शेतस?"

राहू-केतू कुठे आहेत ते बघायला भामरेबाईंनीही मान वर केली. वाघबाईंनी अंधारातून उत्तर दिलं,

"त्यांचं बुकिंग नव्हतं!"

*

एकदा कलकत्त्याहून एका शेठजींचा फोन आला. त्यांना नाशिकला कोणाशी बोलायचंच नव्हतं, ऑपरेटरशीच बोलायचं होतं. कुटुंबासह येतायत, सोमवारी सकाळी सातला रामकुंडावर गर्दी नको, तर स्नानासाठी जागा आधी धरून ठेवता येईल का?

मला हसू आवरेना. बाईंनी शांतपणे हेडफोन घेतला, पेन्सिल उचलली, चिठ्ठी ओढली. हात सवयीने चालत होता.

"कितने आदमी? सात. सोमवार, सुबह सात." लिहून झालं. मग त्याच सुरात,

"स्नान ऑर्डिनरी चाहिए कि अर्जंट?"

*

आता मैसूर.

येवल्याच्या पैठणीवाल्यांना रेशीम लागायचं आणि ते तिकडून यायचं. त्यामुळे रोज दुपारी मैसूरचे दोन-चार कॉल ठरलेलेच. तिकडच्या बोर्डावर असायची सरोजा. ती आणि वाघबाई अठरा वर्षं बोलत होत्या. लाइन जुळेपर्यंत जे अर्धं-एक मिनिट मिळे, त्यात मोडक्या हिंदीत आणि बोर्डाच्या इंग्रजीत दोघींचा संसार सांगून व्हायचा. बाईंचे यजमान गेले, तेव्हा तेराव्यानंतर त्या कामावर आल्या आणि पहिलाच कॉल मैसूरचा लागला. सरोजाला आमच्याकडून कळलं होतं, ती लाइनवर नुसती रडली. बाई आमच्यापुढे कधी रडल्या नव्हत्या, त्या दिवशी रडल्या.

दोघींनी एकमेकींना पाहिलेलं मात्र नव्हतं.

बाई रिटायर व्हायला एक महिना उरला. एकदा हेडफोन काढला की सरोजा संपली. तिच्या घरी फोन नाही, बाईंच्याही नाही. पत्र लिहावं तर दोघींना एकमेकींची लिपी येत नाही, आणि इंग्रजी दोघींचं बुकिंगपुरतंच. बाई म्हणाल्या, "मालती, शेवटची ट्रिप मैसूरला. राजवाडा बघू." मी काय ओळखलं नाही होय? राजवाड्याचं नुसतं निमित्त होतं हो!

तरी बुकिंग मात्र राजवाड्याचंच झालं. लॉजच्या मॅनेजरला पत्र टाकून बाईंनी तिकिटं दोन दिवस आधी काढून ठेवायला लावली. सरोजाशी बोर्डावर ठरवलं, रविवारी साडेचारला राजवाड्याच्या मोठ्या दरवाजाशी. साडेपाचला राजवाडा बंद, त्याआधी दोघींनी मिळून आत जायचं. सोमवारी पहाटे आमची परतीची गाडी.

रविवारी आम्ही चारलाच हजर. आणि काय सांगू, जत्राच ती! शाळांच्या सहली, वऱ्हाडं, बसगाड्याच बसगाड्या. निम्म्या बायकांच्या अंगावर रेशमी साड्या, सगळ्यांच्या केसांत मोगरा. पावणेपाच झाले.

"बाई, सरोजा दिसायला कशी आहे?" मी विचारलं.

बाईंनी माझ्याकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला. उंच की ठेंगणी, गोरी की सावळी, चष्मा आहे की नाही? अठरा वर्षांत विचारलंच नव्हतं! साडी कुठली नेसणार, तेही नाही. सगळ्याचं बुकिंग झालं होतं आणि माणसाची खूण राहिली होती.

पाच वाजले. बाई दिसेल त्या बाईच्या तोंडाकडे बघत होत्या आणि लोक बाजूला सरकत होते. सव्वापाचला त्या दगडी कठड्यावर बसल्या.

"गेली असेल वाट बघून. मालती, आता नाही गं भेटायची ती मला."

भामरेबाईंच्या मात्र तिडीक डोक्यात गेली.

"बाई, बसता काय अश्या? तिनं तुमचं तोंड कधी पाहिलंय? तुम्ही तिचं पाहिलंय? मग डोळे कशाला फोडून घेताय? आवाज द्या!"

बाईंनी डोळे पुसले. कठड्यावर चढल्या, पदर खोचला, आणि भर गर्दीत, बोर्डावर द्यायच्या तो खणखणीत आवाज दिला,

"हॅलो मैसूर! हॅलो मैसूर! नाशिक कॉलिंग!"

अख्खं फाटक वळून बघायला लागलं. पोरं हसायला लागली. एक पोलीस शिट्टी तोंडात धरून आमच्याकडे निघाला.

आणि पार पलीकडून, नारळवाल्याच्या मागून, बारीक पण स्वच्छ आवाज आला,

"येस नाशिक! मैसूर हियर! गो अहेड!"

एक ठेंगणी, काळीसावळी, जाड भिंगाची बाई चप्पल हातात घेऊन पळत आली. दोघी दरवाजाच्या मधोमध एकमेकींच्या गळ्यात. गर्दी दोन्ही बाजूंनी वाट काढून जात होती. पोलीस शिट्टी खिशात टाकून उभा राहिला.

दरवाजावरचा माणूस घंटा वाजवायला लागला. तिकिटं भामरेबाईंच्या हातात होती. जन्मात पहिल्यांदा त्यांना बुकिंगची काळजी लागली. त्या कासावीस होऊन पुढे झाल्या.

"बाई, राजवाडा बंद होतोय! थ्री मिनिट्स ओव्हर!"

वाघबाईंनी मागे वळूनही पाहिलं नाही.

"एक्स्टेंड कर!"