मावशींचा नळांचा खेळ

मावशी भिंतीला कान लावून गळती शोधायच्या. दिग्रसला आमच्या कॉलेजच्या मुलींच्या वसतिगृहात त्या सफाईला होत्या. पण झाडू ठेवला, की पाइपाशी डोळे मिटून उभ्या राहायच्या. “वरच्या मजल्यावर टपकून राह्यलं,” म्हणायच्या, आणि ते खरं निघायचं.

त्या वर्षी टाकी दुपारीच रिकामी होऊ लागली. तक्रारवही भरली होती, वाचणारं कोणी नव्हतं. पाणी पुरत नाही म्हणून परीक्षेआधीच वसतिगृह बंद करायचं चाललं होतं. तसं झालं असतं तर माझं शिक्षण थांबलं असतं. बोरी अरबहून रोज एकटीनं ये-जा करायला घरचे तयार नव्हते.

मावशींनी सगळ्यांना व्हरांड्यात बसवलं. “मी एकटी कुठं कुठं पाहू वं? तुमी साठ जनी आहा. खेळ लावू.”

प्रत्येक मजल्याचा एक संघ. गळता नळ शोधून वसतिगृहाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकला की एक गुण, दुरुस्त केला की तीन. जिंकणाऱ्या मजल्याला रविवारी गरम पाण्याचा पहिला नंबर. वायसर बदलायला मावशींनीच शिकवलं. आठवड्याभरात मुली पाना घेऊन फिरू लागल्या.

आमचा मजला मागे पडला, तेव्हा तो दुरुस्त करून गुण मिळवायला मी एक चांगला नळ मुद्दाम ढिला केला. त्याचे आटे गेले आणि भरलेली टाकी वाहून गेली. रेक्टर मॅडम नाव विचारत आल्या. मावशी म्हणाल्या, “खेळातली गोष्ट हाय मॅडम, मी पाह्यतो.” मग काय ते ओळखून मला बाजूला घेतलं.

“काहून केलं?”

“जिंकायचं होतं, मावशी.”

“मंग मीच खेळ चुकीचा मांडला. उद्यापासून जो मजला कोरडा राहीन, त्याले गुन. अन् पंच तू. रोज तिन्ही मजले पाह्याचे, परीक्षेतही.”

मी एक दिवसही चुकवला नाही. पाणी संध्याकाळपर्यंत पुरू लागलं. ग्रुपवरचे फोटो घेऊन मॅडम प्राचार्यांकडे गेल्या आणि वसतिगृह सुरू राहिलं. माझी परीक्षा तिथूनच झाली.

पुढे मावशी निवृत्त होऊन कळंबला लेकीकडे गेल्या. मला पुसदला वसतिगृहाची रेक्टर म्हणून नोकरी लागली, तेव्हा रुजू होताच तिथूनच पहिला फोन त्यांना केला. त्यांनी अभिनंदन वगैरे काही केलं नाही.

“तिथं पोरीयले पानी पुरते काय?”

“बघते, मावशी.”

“बघते-बिघते नको. आजच पाह्य.”

फोन ठेवला आणि मी टाकी बघायला गच्चीचा जिना चढू लागले.