काजळीकाकू आणि खटक्याची पट्टी

गल्लीत तिला काजळीकाकू म्हणत, कारण नाकाच्या शेंड्यावर काजळी नाही अशी ती कुणी कधी पाहिलीच नव्हती. ठासणीच्या जुन्या रायफलींना ती लाकडी दस्ते करायची. नवरा नळीच्या आत पिळाचे चर कापायचा आणि धाकटा दीर घोडा, खटका घडवायचा. तिघं एकाच कारखान्यात, पण काकू आणि दीर अकरा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. तिचा पहिला दस्ता पाहून दीर म्हणाला होता, "वहिनी, वल्हं झकास झालंय. होडी कुठाय?" ती म्हणाली होती, "तुमच्या खटक्यात एखादा उंदीर तरी सापडतोय का बघा आधी."

झालं, तोंडं फिरली. मध्ये पडावं तर नवऱ्याने, पण तो दिवसभर लांब दांडी मागेपुढे ओढत फेरे मोजायचा. बोललं की आकडा चुकतो म्हणे. सोयीची सबब!

एकदा संग्रहालयातली रायफल आली. दस्ता मोडलेला, खटका हरवलेला. दिराने नवा खटका केला, काकूने अक्रोडाचं लाकूड घेतलं. खटका ज्या लोखंडी पट्टीवर जोडलेला असतो, ती दस्त्याच्या एका बाजूला बसवायची असते. आधी ती दिव्यावर काळी करायची, लाकडातल्या खाचेत दाबायची, जिथे काळं उमटेल तिथे पटाशीने पापुद्रा काढायचा. चाळीसेक वेळा केलं की पट्टी अशी बसते, की मध्ये केसही शिरत नाही. या वेळी मात्र रोज सकाळी काळा डाग भलत्याच जागी! चौथ्या दिवशी पट्टी आणि लाकडाच्या मध्ये चक्क बोट जायला लागलं.

पट्टीच्या कडेला कानशीचे ताजे ओरखडे होते. काकूने अबोल्यावर पाणी सोडलं.

"भावोजी, हिला हात कुणी लावला?"

"मी. संध्याकाळी तुम्ही गेल्यावर. बसत नव्हती, म्हणून कड घासली जराशी."

"म्हणजे मी लाकूड तासतेय आणि तुम्ही लोखंड?"

"मदत केली, वहिनी!"

"डोंबलाची मदत! भगदाड पाडलंय दोघांनी मिळून. तोंडाला काय कुलूप होतं?"

"होतंच की. तुम्हीच घातलेलं."

काकूला रागवायचं होतं, पण हसूच फुटलं. लाकूड नवं, पट्टी नवी. दीर दिवा धरायचा, ती पट्टी दाबायची, आणि दोघं दिवसभर कचाकचा भांडायची.

पुढे तिघं संग्रहालयात रायफल बघायला गेली. काचेच्या कपाटात ती छान मांडली होती, फक्त खटक्याची बाजू भिंतीकडे. दिराचं तोंड एवढंसं झालं. "एवढं मरमर घडवलं, ते पालींना दाखवायला?"

काकूने आपलं लाकूड डोळे भरून पाहिलं. म्हणाली, "भावोजी, पाली पारखी असतात हो."